कोरी ठेवलेली साडी

बाई, साडी परत आली.

मेडिकल कॉलेजातल्या माणसानं ती घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "आजी, ही घेऊन जा. कपडे इथं ठेवत नाहीत." मी म्हटलं, "ही माहेरची हाय. अंगावरच ऱ्हाते." तो म्हणाला, "इथं नाही राहत, आजी." वाईट बोलला नाही. रोज सांगावं लागत असेल त्याला. मी पिशवी घेतली आणि तुमच्या लेकीबरोबर, अनुजाबरोबर, गाडीत बसले. तुम्ही आत राहिलात.

त्याला आज बारा दिवस झाले. तुमच्या शाळेतल्या मुली, म्हणजे आता गुडघे धरून जिना उतरणाऱ्या बायका, तुमच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढणार आहेत. मलाही लिहायला सांगितलं. तुम्ही कुठं जन्मलात, किती वर्षं इंग्रजी शिकवलंत, ते त्या लिहितील. मी साडीचं लिहिते, कारण ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. शुद्धलेखन माझ्या सुनेनं, वंदनानं, तपासलं आहे. तुम्ही तपासलं असतंत तर पान लाल झालं असतं.

तुम्ही कामोठ्यात आमच्या इमारतीत भाड्यानं आलात तेव्हा मला तुम्ही आवडला नव्हतात. ही इमारत उभी आहे तिथं आमचं भात होतं आणि पलीकडं खाडीला लागून सासऱ्यांचं मिठागर. जमीन गेली, प्लॉट मिळाला, माझ्या मुलानं इमारत बांधली आणि मी चिखलातून उठून टाइल्सवर आले. तुम्ही पुण्याच्या, रिटायर झालेल्या, इस्त्रीच्या साडीतल्या. पहिल्याच आठवड्यात मला म्हणालात, "अंजनाबाई, गॅलरीत सुकट वाळत घालू नका." मी म्हटलं, "गॅलरी माझी, सुकट माझी, नाक तेवढं तुमचं." तुम्ही हसलात आणि खिडकी लावून घेतलीत. नंतर तीच सुकट तुम्ही तुमच्या मिस्टरांना न सांगता माझ्या स्वयंपाकघरात बसून खाल्लीत. ते गेल्यावर तर तुमचा सकाळचा चहा आमच्याकडेच असायचा.

इंग्रजी त्या चहापासून सुरू झालं. इमारतीचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर कोणी पाण्याची वेळ टाकतं, कोणी जुनं सामान विकायला काढतं. मी चौथी शिकलेली. मराठी पेपर सगळा वाचते, पण ग्रुपवरचं निम्मं मला कळायचं नाही. एका सकाळी मी फोन तुमच्यापुढं धरला आणि म्हटलं, "वाचून दाखवा." तुम्ही चष्मा काढून बाजूला ठेवलात. "वाचून दाखवणार नाही. शिकवते." मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते. नातवंडं हसली. तुम्ही त्यांच्याकडं असं पाहिलंत की परत हसली नाहीत.

अक्षरं यायला पावसाळा गेला. मग शब्द. कोणीतरी मिक्सर विकायला काढला होता, त्यावर लिहिलेला शब्द मी बोट ठेवून एकटीनं वाचला. अनयूज्ड. तुम्ही कप खाली ठेवलात. "अन म्हणजे नाही. यूज्ड म्हणजे वापरलेलं. न वापरलेलं. आता मला सांगा, तुम्ही लोक याला काय म्हणाल?"

"कशाला?"

"कुठल्याही वस्तूला."

"असं कुठल्याही वस्तूला नसतं. वस्तू सांगा."

"साडी."

"कोरी."

"खोली?"

"बंद."

"जमीन?"

"पडीक."

"बघा, तुम्हाला तीन शब्द लागले. इंग्रजीत एकात भागतं."

"मग तुमची इंग्रजी आळशी हाय."

तुम्हाला ते इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगत होतात. पण लगेच तुम्ही माझा पडीक शब्द खोडलात. म्हणालात, पडीक जमीन अनयूज्ड नव्हे. तिथं कधी काही पिकत होतं की नाही? मी म्हटलं, मीठ पिकत होतं. "मग ती डिसयूज्ड. वापर होता, तो सुटला. अनयूज्ड म्हणजे ज्याचा वापर झालाच नाही." मग तिसरं काढलंत, अनयूज्डच्या पुढं 'टू' लावलं की सवय नसलेला, असा अर्थ होतो. मी म्हटलं, एका दिवसाला पुरे झालं, मी इंग्रजीला अनयूज्ड टू आहे. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

मी हसले, पण डिसयूज्ड माझ्या डोक्यातून गेला नाही. आमचं मिठागर घेतलं तेव्हाच्या कागदावर नुसतं खार जमीन लिहिलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, नवऱ्यानं, मी तिथं अनवाणी पायांनी मीठ ओढलं. पायाला पडलेल्या भेगा अजून आहेत. त्याला कोणी शब्दच दिला नव्हता. साहेबांच्या भाषेत तो शब्द होता, आणि तो मला पनवेलच्या कचेरीत नाही, माझ्या स्वयंपाकघरात कळला. मी त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर एकटीच खाडीकडं जाऊन आले. तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते.

एक भांडण मात्र मिटलं नाही. माझं म्हणणं असं, की कोरी आणि अनयूज्ड एक नाही. मिक्सर वापरला नाही म्हणून पडून असतो, त्याची कोणी वाट बघत नाही. कोरी साडी कोणासाठी तरी राखलेली असते. तुम्ही म्हणायचात, "हे तुम्ही तुमच्या मनाचं घालताय. शब्दात तसं काही नाही." मी म्हणायचे, तुमच्या शब्दात नसेल. तुम्ही म्हणालात, "चला, तुमचं कपाट उघडा. दाखवा मला कोणकोणासाठी राखल्यात."

उघडलं. आमच्या लोकांत लग्न म्हटलं की आहेर, आणि आहेराची साडी कोणी नेसत नाही. आली की कपाटात जाते, पुढच्या लग्नात दुसरीकडं जाते. मी अशा साडीच्या आतल्या कोपऱ्याला हळदीचा ठिपका लावते, म्हणजे जिनं दिली तिलाच परत जायला नको. तुम्ही एक हिरवी साडी उलगडलीत, तर तिला एका कोपऱ्याला माझा ठिपका होता आणि दुसऱ्या कोपऱ्याला कोणाचा तरी कुंकवाचा. मी उरणला दिलेली साडी कोन गावाहून मला परत आली होती. तुम्ही पलंगावर बसून हसलात, खोकला लागेपर्यंत. "अंजनाबाई, ही बया सगळ्या रायगडची लग्नं जेवली आणि अजून कोणाच्या अंगाला लागली नाही. ही राखलेली?" मी म्हटलं, चहा गार होतोय.

मग तुमचा साताऱ्याचा भाऊ गेला. तुम्ही तिकडून आलात आणि बॅग दारातच ठेवून माझ्याकडं बसलात. रडला नाहीत. म्हणालात, "आता माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही."

बाई गेली की तिची शेवटची साडी माहेराहून येते. आमच्यात येते तशी तुमच्यातही येते. म्हातारी असो, विधवा असो, माहेरच्या माणसानं आणलेली कोरी साडी नेसून तिनं निघायचं. मला तेवढंच सुचलं. मी म्हटलं, "मी आणीन."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. "आणाल?"

"सांगितलं ना."

"मग आत्ताच चला. रंग मी निवडणार. तुमच्यावर सोडलं तर पोपटी आणाल."

आपण पनवेलला लाइन आळीत गेलो. दुकानदारानं गादीवर साड्या टाकल्या आणि विचारलं, "कोणाच्या लग्नाची काढू?" तुम्ही म्हणालात, "माझ्या जाण्याची. पण माल चांगला दाखवा, परत येणार नाही." बिचाऱ्यानं चहा मागवला. तुम्ही वांगी रंगाची घेतलीत, मोहरी काठाची. पदर खांद्यावर टाकून आरशापुढं उभ्या राहिलात, एक बाजू, दुसरी बाजू. मी म्हटलं, "काढा. कोरीच लागते." तुम्ही आरशातूनच म्हणालात, "एकदा नेसते, मग धुऊन देते तुम्हाला." मी म्हटलं, "मग ती कोरी ऱ्हाते का?" दुकानातल्या सगळ्या बायका बघत होत्या. तुम्ही पदर काढून दिलात.

मी ती माझ्या कपाटात ठेवली. आहेराच्या ढिगात नाही, वरच्या कप्प्यात, एकटी. किल्ली माझ्या कमरेला.

दर दिवाळीला तुम्ही मागितलीत. आधी मला वाटायचं थट्टा करताय. गेल्या दिवाळीला तुम्ही खूप उतरला होतात, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. म्हणालात, "नुसती संध्याकाळभर द्या. कोणाला दाखवत नाही."

"नाय."

"मी मेल्यावर मला आरशात दिसायची नाही."

"मी बघीन."

हे मी बोलले. मला तेव्हा ते बरोबर वाटलं होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी अनुजा खाली आली. ती आजारपणासाठी बंगळूरहून येऊन राहिलेली. दारातच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी आधी कपाट उघडलं. साडी घेऊन वर आले. तुम्ही कॉटवर होतात, तोंड भिंतीकडं. मी म्हटलं, पाणी तापव, आपण बाईंना नेसवू. अनुजाच्या हातात एक कागद होता. ती म्हणाली, "मावशी, आईनं देहदान केलंय. आज दुपारच्या आत कॉलेजात न्यायचंय. जाळायचं नाहीये."

मी कागद तिच्या हातातून घेतला. तिला वाटलं मला वाचता येणार नाही. तुम्हीच शिकवलंत. नाव वाचलं, सही वाचली, तारीख वाचली. मग तारीख पुन्हा वाचली.

तुमचा भाऊ गेला त्याच्या आदल्या वर्षीची होती.

म्हणजे तुम्ही 'मी आणीन' ऐकलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. दुकानात पदर खांद्यावर टाकलात तेव्हा माहीत होतं, की ही साडी तुमच्याबरोबर कुठंही जाणार नाही. तिला नेसायची वेळ एकच होती, ती म्हणजे तुम्ही उभ्या असताना, आरशापुढं. ती वेळ तुम्ही माझ्याकडं दर वर्षी मागितलीत. आणि मी किल्ली कमरेला लावून 'कोरीच लागते' म्हणत राहिले.

तुम्ही मला सांगितलं का नाही, याचा मी बारा दिवस विचार केला. सांगितलं असतंत तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे खरं आहे. आमच्यात असं करत नाहीत, मेल्या माणसाचे हाल, पुढच्या जन्मी काय, सगळं बोलले असते. पण मला वाटतं कारण ते नाही. भांडणाला तुम्ही कधी घाबरला नाहीत. तुम्हाला कोणीतरी 'मी आणीन' म्हटलं होतं आणि ते तुम्हाला खोडायचं नव्हतं. हे माझं मत आहे. चुकीचं असेल. विचारायला आता कोणी नाही.

चूक माझी झाली, ती इथं लिहून ठेवते. साडी तुम्हाला द्यायला पाहिजे होती.

आम्ही दोघींनी तुम्हाला पुसून काढलं आणि साडी नेसवली. अनुजाला निऱ्या येत नव्हत्या, मलाही आडव्या माणसाच्या नीट घालता येईनात. एका बाजूला जास्त गेल्या. रंग तुम्हाला चांगला दिसत होता. मी बघीन म्हटलं होतं, तर बघितलं.

कॉलेजात कागदांना वेळ लागला. मग तुम्हाला आत नेलं. मला कोणी अडवलं नाही, म्हणून मी दारापर्यंत गेले. तिथं पांढऱ्या कोटातल्या दोन मुली उभ्या होत्या, आमच्या वंदनाच्या पोरीएवढ्या. त्यातल्या एकीनं चपला दाराबाहेर काढल्या, आत गेली आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसता हात लावला नाही. डोकं ठेवलं. ती बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "काय पुटपुटलीस?"

"थँक्यू म्हटलं, आजी."

"तुझ्या कोन लागत होत्या?"

"कोणी नाही. पण आता आम्ही यांच्यावर शिकणार ना."

"काय शिकनार?"

"सगळंच. हाताची बोटं कशी मिटतात, श्वास कसा चालतो. पुस्तकात चित्रं असतात, पण खरं यांच्यामुळेच कळतं."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

मी लहान असताना माहेरी एकदा अमावास्येचं उधाण मिठागराचा बांध फोडून आत आलं होतं. सगळं पांढरं मीठ बघता बघता पाण्यात गेलं आणि माझा बाप कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला, ओरडला नाही, धावला नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं की तो का उभा राहिला. त्या दारात कळलं. एवढं मोठं काही समोर आलं की माणसाकडं करायला काही उरत नाही. माझी आई, नवरा, दोन दीर, सगळे मी खाडीकाठी जळताना पाहिले, आणि सकाळी राख पाण्यात सोडली. माणूस संपल्यावर त्याचं एवढंच होतं असं मी शहात्तर वर्षं धरून चालले होते. तुम्ही एक सही करून उठलात आणि परत वर्गात जाऊन बसलात. तीही मला न सांगता. मला तुमचा राग आला होता, तो त्या दारात मला सापडेना.

मग तो माणूस पिशवी घेऊन आला, ते सुरुवातीला लिहिलं आहे.

अनुजा परवापासून तुमचं घर आवरते आहे. मी मदतीला जाते. तुम्ही सामानावर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या आहेत, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, शाळेच्या फळ्यावर लिहायचात तशा. हे अमकीला, ते तमकीला. आणि जे कोणालाही चालेल त्यावर अनयूज्ड. मी सगळं घर फिरून त्या चिठ्ठ्या शोधल्या. तीन निघाल्या. एक टोस्टर, एक छत्री, एक चादर. माझ्या एका कपाटातून तीस निघाल्या असत्या. तुम्हाला सत्कारात मिळालेल्या शालींचा ढीग मी स्वतः पाहिला होता. अनुजा म्हणाली, त्या सगळ्या जोडून तुम्ही गोधड्या शिवून घेतल्यात आणि कामवालीच्या मुलींना दिल्यात. तेही तुम्ही मला सांगितलं नाहीत.

काल अनुजानं ती पिशवी उचलली. "मावशी, ही साडी तर नवीच आहे. अनयूज्ड लिहून ग्रुपवर टाकू? कोणाला तरी उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "खोटं लिवायचं नाय."

माझी वंदना दारातच उभी होती, आत येत नव्हती. "आई, ती पिशवी घरात नको. अंगावरची हाय. अशी साडी कोन नेसतंय का? खाडीत सोडून द्या, नाय तर तुमच्या जिवाला घोर लागंल." वंदना वाईट नाही. मीच तिला हे सगळं शिकवलं आहे. चार वर्षं ज्या तोंडानं तुम्हाला नाही म्हटलं, त्याच तोंडानं.

खाडीत सोडली असती तर माझं काम सोपं झालं असतं. साडी नसती, मग ती चूकही कोणाला दिसली नसती. ग्रुपवर टाकली असती तर कोणीतरी बाई ती नेसून हळदीकुंकवाला गेली असती आणि तिला कळलंही नसतं की ही कोणाची. दोन्हीकडं तुम्ही ती नेसलातच नाहीत असं झालं असतं. निऱ्या वाकड्या असतील, पण सकाळपासून दुपारपर्यंत ती तुमच्या अंगावर होती. मी पाहिलं आहे.

साडी नेसायची म्हटलं की फॉल लागतो. आज सकाळी मी ती पिशवी घेऊन सेक्टरातल्या पिको-फॉलवाल्या बाईकडं गेले. वंदनानं रिक्षा थांबवून दिली.

फॉलवालीनं साडी टेबलावर उलगडली, काठ चाचपला. "चांगलाय माल. नवी हाय ना, आजी?"

"नाय. एकदा नेसलेली हाय."

"तुमी?"

"आमच्या बाईंनी. त्या गेल्या. त्यांच्या अंगावरची हाय ती. तुला चालत नसंल तर तसं सांग, मी दुसरीकडं नेते."

तिचा हात साडीवर होता. मी त्या हाताकडं बघत राहिले. तिनं तो उचलला नाही. दुसऱ्या हातानं खालचा खण ओढून दोऱ्याची रिळं चाळायला लागली.

"या काठाला मोहरी दोरा लागंल," ती म्हणाली. "माझ्याकडं हाय. उद्या न्या."

"नाय," मी म्हटलं, "मी बसते."